बाहेरचे दुवे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. घरचेही तेच म्हणतात. वर्गात खडू मोडण्याचा आवाज आला की पोरं ओळखतात, आज बाई तापल्यात. मी नांदेडला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. क्लासेसचं पेव फुटल्यापासून आमच्याकडे मुलं फक्त नाव लावतात आणि शिकायला क्लासला जातात. बाकावर उरतात ती क्लास न परवडणारी. लोह्याकडून, मुखेडकडून एसटीने येणारी, तास संपायच्या आत बस पकडायला पळणारी. त्यांच्यासाठी आम्ही दोघींनी वेबसाइट काढली होती. बारावीचे जुने पेपर, प्रत्येक गणित मराठीतून सोडवलेलं, सगळं फुकट.

दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. ती लातूरला शिकवायची. भूकंपानंतर आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची, तेव्हापासून आम्ही एका सतरंजीवरच्या. त्या वर्षी माझी वाचाच बसली होती. घरात कुणी गेलं नव्हतं, पण शेजारची चार घरं गेली होती, आणि मी तोंड उघडायचीच बंद झाले. वर्गात काही समजलं नाही की मी तिला कोपराने ढोसायची. ती लगेच हात वर करून ओरडायची, ‘सर, हिला शंका हाय!’ सर विचारायचे, कोणती. मग तीच माझ्या वहीत डोकावून अंदाजाने काहीतरी सांगायची, आणि बहुतेक वेळा तो अंदाज बरोबर निघायचा. मी पुन्हा बोलायला लागले ते तिच्यामुळे, असं आजही मानते. मानायचं नसलं तरी मानावं लागतं.

वेबसाइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शंका विचारा’ असं एक बटण होतं. हे नाव तिनेच सुचवलेलं. ते दाबलं की आमचंच एक पान उघडायचं. त्यावर मी लिहिलं होतं, ‘कुठलीही शंका लहान नसते. उत्तर मी स्वतः देईन.’ आणि द्यायचे. कागदावर गणित सोडवून, फोटो काढून पाठवायचे. पहिल्या वर्षी शंकांनी नुसता उच्छाद मांडला. भाजी निवडतानाही मी फोन कुकरला टेकवून उत्तरं द्यायची. दुसऱ्या वर्षी त्या हळूहळू आटल्या, आणि दिवाळीनंतर एकही आली नाही. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. आता मी इतकं सोपं लिहिते की कुणाला शंकाच उरत नाही, असं मी खुशाल धरून चालले. मैत्रिणीला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, ‘तुझा हात बसला आता.’

त्याच सुमारास मी एका पानावर ‘बाहेरचे दुवे’ असा मथळा देऊन इतर चांगल्या वेबसाइटांचे पत्ते टाकले. आलेख काढून दाखवणारी एक, जुन्या प्रश्नपत्रिकांची एक, अशा. मुलं तिकडे जातात की नाही हे मला बघायचं होतं. वेबसाइटवर येणाऱ्यांची नोंद ठेवणारी सोय आमच्याकडे होतीच, पण ती घरातल्या घरात कोण कुठल्या खोलीत गेलं एवढंच सांगायची. दुव्यावर बोट ठेवून कुणी बाहेर पडलं की तिच्या लेखी ते पोर नाहीसं. बाहेर पडणारे मोजायचे तर एक वेगळं सेटिंग चालू करावं लागतं. ते शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

आईने विचारलं, सकाळपासून काय करून राहिलीस? मी म्हटलं, बाहेरचे दुवे मोजते आहे. तिचा चेहरा एकदम उजळला. ‘दुवे? पोरं देतेत का तुला? हाव, देणारच की, फुकट शिकवतीस.’ मग म्हणाली, ‘पर मोजू नको माय. दुवा कुणी मोजतंय व्हय?’ आमच्याकडे फकीर दारात येऊन देतो तो दुवा, एवढाच दुवा तिला ठाऊक. मी हसून हसून बेजार झाले. पुढचे आठ दिवस ती रोज जेवताना विचारायची, ‘आज किती दुवे आले?’ आणि मीही वरवरचा एकूण आकडा मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आठवड्याने मी यादी नीट उघडली. कोणत्या दुव्यावरून किती मुलं बाहेर गेली, ते ओळीने लिहिलेलं. आलेखवाली वेबसाइट होती, प्रश्नपत्रिकांची होती. पण त्यांच्या कितीतरी वर, सगळ्यात पहिल्या ओळीत होतं ‘शंका विचारा’.

माझं पहिलं मत असं झालं की हे यंत्र मूर्ख आहे. शंकांचं पान आमचं, आमच्याच घरातलं, ते बाहेर कसं? मी सेटिंग बंद केलं, पुन्हा चालू केलं, दोन दिवस वाट पाहिली. पुन्हा तेच. मी मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, ‘अगं यंत्रच ते, चुकतं. बंद करून टाक ना ते मोजणं, कशाला डोक्याला ताप?’ मी हो म्हटलं. तिने सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की वर्षभरात ते बटण मी स्वतः एकदाही दाबलेलं नाही. आपल्याच दाराची बेल आपण कधी वाजवतो? दाबलं. पान उघडलं, रंग तोच, अक्षरं तीच. ‘कुठलीही शंका लहान नसते. उत्तर मी स्वतः देईन.’ खाली दोन नवे चौकोन होते, मोबाइल नंबर आणि गाव. वर पत्ता पाहिला तर तो आमचा नव्हता, तिने नव्यानेच काढलेल्या क्लासचा होता. वेबसाइटचा पासवर्ड दोघींकडे होता, तो बदलावा असं मला कधी सुचलंच नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. माझं वाक्यही तिने बदललं नव्हतं. त्यातल्या ‘मी’ची जागा तिने घेतली होती.

पुढच्या रविवारी मी लातूरला गेले. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळ्या वाटेत मी भांडणाची वाक्यं जुळवत होते. क्लासच्या गल्लीत पाठीवर सॅक घेतलेल्या पोरांची दाटी होती. ती ऑफिसात बसली होती. मला बघून उठली, चहा सांगितला. मी चहाला हात लावला नाही. म्हटलं, यंत्र चुकलेलं नव्हतं.

तिने कबूल केलं, आणि तेही किती सहज! म्हणाली, ‘पोरं बाहेर कुठं गेली गं? माझ्याकडंच आली ना? तुझं अन् माझं वेगळं कधी होतं?’

‘वेगळं नव्हतं तर सांगितलं का नाहीस?’ माझा आवाज एवढा चढला की बाहेर रांगेत उभे असलेले पालक आत बघायला लागले. ‘फोनवर खोटं का बोललीस?’

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग मला शांत करण्यासाठी, चांगलं काहीतरी सांगावं तसं ती म्हणाली, ‘बरं ते सोड. तुझी भाची पण हितंच हाय. हुशार हाय पोरगी. थांब, बोलावते.’

भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी, शिरूर अनंतपाळची. तिला लातूरला ठेवलं, एवढं भाऊ, म्हणजे तिचे आण्णा, बोलला होता. कुठल्या क्लासला, हे मी विचारलं नव्हतं. ती आली, वाकून पाया पडली आणि जरा अंतर राखून उभी राहिली. एरवी गळ्यात पडणारी पोरगी. मी विचारलं, हा क्लास तुला कुणी सुचवला?

‘तुमीच की, आत्या,’ ती म्हणाली. ‘मी बटन दाबून शंका विचारली व्हती. तुमचा मेसेज आला, ही शंका समक्षच समजंल, लातूरला या. चारदा विचारलं, चारीबी येळा तेच. मग आण्णांनी हितं घातलं.’

‘मला फोन का नाही केलास?’

ती जमिनीकडे बघत म्हणाली, ‘मला वाटलं, आत्या आता मोठ्या झाल्या. आपल्याला उत्तर द्यायला त्यान्ला येळ न्हाई. लई वंगाळ वाटलं व्हतं तवा.’

मैत्रीण खुर्चीवर बसून फोन चाळत होती. तिने वर बघितलं नाही. ते मेसेज मी पाठवले नव्हते, हे मी भाचीला दोनदा सांगितलं. तिने दोन्ही वेळा मान डोलावली. मोठी माणसं काही बोलली की मुलं डोलावतात तशी. मी तिला जवळ ओढलं, पिशवीतून वही-पेन काढलं आणि म्हटलं, सांग, कोणती शंका होती? आत्ता बसून सोडवू.

‘ऱ्हाऊ द्या, आत्या,’ ती म्हणाली. ‘आता न्हाई शंका. पाठ केलं मी ते.’