रुमाल टाकलेली खुर्ची

मी येरमाळ्याचा. पंचवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर आहे. दिवसभर "सरका पुढं, सरका पुढं" करून जिभेला धार चढते, आणि ती धार मी पोरीवर चालवली. ती बारावीला. माझ्याच गाडीनं धाराशिवला क्लासला यायची. सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून भरल्या गाडीत, सगळ्यांसमोर, मी तिला म्हणालो, "तुझ्यानं काही व्हायचं न्हाय." पुढच्या थांब्याला ती उतरून गेली. तेव्हापासून तीन महिने माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. जेवायला वाढलंय, हेसुद्धा आईकरवी कळवायची.

शेवटी बायकोनं निर्वाणीचं सांगितलं, समुपदेशनाला जा, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते. गेलो मुकाट्यानं.

तिथल्या बाई माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान. खोली एवढीशी, खिडकी बंद, पंखा कुरकुरत होता. समोर तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. म्हटलं झालं, आता ह्या वयात संगीत खुर्ची! बाईंनी न चिडता समजावलं. एक खुर्ची मला आतून टोचणाऱ्या आवाजाची, दुसरी ते ऐकून घेणाऱ्याची, तिसरी मायेनं बोलणाऱ्याची. ज्या खुर्चीत बसू तिच्या आवाजात बोलायचं.

पहिल्या खुर्चीत काहीच अडलं नाही. बसलो आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. कसला बाप तू, हातची पोरगी घालवलीस, तुझ्यानं काही व्हायचं न्हाय. शेवटचं वाक्य ऐकून मीच दचकलो. ते माझं नव्हतंच. माझ्या वडलांचं होतं, जसंच्या तसं, आधीच्या खाकरण्यासकट. ते जाऊन अकरा वर्षं झाली. दुसऱ्या खुर्चीत गेलो तर मान वर होईना. पन्नाशीला आलेला गडी, हात मांड्यांत दाबून बसलो होतो. उठून पळावंसं वाटत होतं, पण पळून जाणार कुठं? घरी हाच माणूस सोबत येणार होता.

मग बाई म्हणाल्या, आता तिसरी. मी उठलो, खिशातला रुमाल काढला, त्या खुर्चीवर टाकला आणि बाजूला उभा राहिलो. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी जन्मभर भांडलो, आणि तेच करून बसलो.

"कुणासाठी धरलीय जागा?" त्यांनी विचारलं.

मी वाकून रुमालाचं टोक सरळ केलं. मग म्हणालो, "वडलांसाठी. कधीतरी येऊन चांगलं बोलतील म्हणून." आणि मला रडू कोसळलं. लाज वाटत होती, पण थांबवता येईना.

गाडीत माझा नियम आहे. रुमालवाला आला नाही की रुमाल उचलायचा आणि उभ्या माणसाला बसवायचं. रुमाल उचलला आणि बसलो. बाईंनी शिकवल्याप्रमाणे पाय जमिनीला टेकवले, श्वास सावकाश सोडला. पण समोरच्या, ऐकून घेणाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीशी मायेनं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? गाडीत एखादी दमलेली म्हातारी चढली की म्हणतो, तेवढंच आठवलं. "बस निवांत. घाई न्हाय." तेवढ्यात वेळ संपली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पोरगी पलीकडच्या खोलीत होती, दार उघडंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जमिनीवर वह्या पसरून बसली होती आणि तिच्या हातून चहाचा कप कलंडला. मी दारात उभा. तोंड आपोआप उघडलं.

"तुझ्यानं काही..."

तिनं मान वर केली. "पप्पा, त्या खुर्चीतनं उठा."

तीन महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. मी तर उभाच होतो. काय करावं कळेना, म्हणून तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि खिशातल्या रुमालानं तिची वही पुसायला लागलो.