स्टिरिओच्या मागचा जोड

तुळशीराम मेश्राम रायपूरच्या रेल्वे यार्डात जन्मभर सिग्नल सांभाळत आले. तिथे त्यांचा एकच धर्म होता, दिवा विझता कामा नये. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी लाल गाडी घेतली आणि पत्नी शेवंताबाईंना शेजारी बसवून अभनपूरच्या बाजारापर्यंत मजेत फिरू लागले.

पण हल्ली गाडी रुसली होती. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी मेलेली. नवी टाकली, तिचीही तीच गत. नवा रायपूरला नोकरी करणाऱ्या लोकेशने, म्हणजे मुलाने, निदान करून टाकलं, "पापा, आप लाइट बंद करना भूल जाते हो. संडे को चाबी मुझे दे देना, अब आप मत चलाओ."

म्हाताऱ्या माणसावर विसरभोळेपणाचा शिक्का मारायला काही लागत नाही हो. पुसायला मात्र जन्म जातो.

रविवारी सकाळीच तुळशीरामांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची एक वायर काढून मध्ये मीटर लावला. गाडी बंद, दिवे बंद, तरी काटा वर.

"पाय इकडे, कोणीतरी करंट पिऊन राहिलं," ते म्हणाले.

शेवंताबाई मीटरसमोर स्टूल टाकून बसल्या आणि ते एकेक फ्यूज उपसू लागले. स्टिरिओचा फ्यूज निघाला तशा त्या म्हणाल्या, "पडला काटा."

"मंग? मी लाइट विसरलो नोयतो. सांगजो त्याले."

उत्साहात त्यांनी स्टिरिओ बाहेर ओढला. त्याची एक वायर कायम चालू राहणारी हवी, दुसरी चावी फिरवल्यावरच चालू होणारी. इथे दोन्ही कायमच्या लाइनवर बांधलेल्या. गाडी झोपली तरी स्टिरिओ जागाच. स्टिरिओ बसवणाऱ्या दुकानवाल्याच्या नावाने खडे फोडत त्यांनी जोडावरची टेप सोडली आणि त्यांचा हात थांबला. घट्ट, सारखे पीळ, कापडी टेप, टोक दुमडून आत खोचलेलं. बाजारात असा जोड कोणी करत नाही. हा रेल्वेचा जोड होता आणि हात त्यांचाच होता. आधी दोन्ही वायरी चावीवर होत्या, चावी काढली की रेडिओवर लावलेली स्टेशनं पुसली जात, म्हणून कधीतरी केला असणार. कधी, ते काही केल्या आठवेना.

शेवंताबाईंनी चेहऱ्यावरून ओळखलं. "दुकानवाल्याचं नाव सांगून द्या," त्या हळूच म्हणाल्या. "लोकेशले काय समजते?"

त्यांनी वायरी वेगळ्या करून जागच्या जागी लावल्या, बॅटरी जोडली. तेवढ्यात लोकेश आला.

"क्या निकला, पापा?"

दुकानवाला अगदी ओठांवर आला होता.

"जोड माहाच होता," तुळशीराम म्हणाले. "मीच केला अन् मीच विसरलो." त्यांनी चावी पुढे केली.

आपलं खरं ठरलं म्हणून लोकेशला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. तो त्या चावीकडे बघत राहिला, मग गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

"आप चलाओ. बस, अब से अकेले नहीं जाना. मम्मी, पीछे बैठो."

तुळशीराम स्टिअरिंगमागे बसले. चावी दुसऱ्या खेपेला भोकात गेली.