विहीणबाईंचा डावा गुडघा

एक्सरेसाहेबांचा माणसाच्या तोंडावर कधीच विश्वास नव्हता. ते पायांकडे बघत. नळाच्या पितळी तोट्या बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर त्यांनी सगळी नोकरी काढली. सुटीचा भोंगा झाला की कामगार एकामागून एक बाहेर पडत आणि साहेब खुर्चीत बसल्या बसल्या बोट दाखवत, "तुम्ही. जरा बाजूला या." मोज्यात तोटी असली की माणूस टाच जपून टेकतो, कमरेला बांधलेली असली की वळताना आधी मान वळते, आणि डब्यात असली की तो डब्याकडे चुकूनही बघत नाही. तोंडाचं काय, तोंड सगळ्यांचंच भोळं असतं. एक्सरे हे नाव कामगारांनी ठेवलं होतं. निरोपसमारंभात मालकांनीही भाषणात तेच वापरलं, कारण खरं नाव त्यांना आठवेना. त्या समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ साहेबांनी घरी आणून आधी मागून उघडून पाहिलं. आत घड्याळच होतं.

फाटक सुटलं तरी झडती सुटली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. बायको होती तोवर म्हणायची, "यांना स्वर्गाच्या दारावर बसवू नका रे बाबांनो, आत कुणीच जायचं नाही." मुलगी लहानपणी शाळेतून आली की दप्तर उंबऱ्यावरच उघडून धरायची. तिला वाटे, सगळ्यांच्याच घरी असं असतं. एकदा मैत्रिणीकडे गेली तर तिथेही तिने दारात दप्तर उघडून धरलं, आणि मैत्रिणीची आई त्यात काहीतरी घालायचं असेल अशा समजुतीने आतून बिस्किटांचा पुडा घेऊन आली. ही गोष्ट साहेब चारचौघांत फार कौतुकाने सांगत. मुलगी तिथे असली तर तेवढ्यात तिला आत काहीतरी काम निघे.

मुलगी दिली होती त्याच शहरात, बसने अर्ध्या तासावर. पण बायको गेल्यापासून ती माहेरी एकदाच राहायला आली, तीही एक रात्र. त्या रात्री जेवताना साहेबांनी "जावई का नाही आले" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला आणि सकाळी ती आंघोळीला गेल्यावर जावयालाही फोन लावून विचारून घेतला. सगळी उत्तरं जुळली. म्हणूनच तर त्यांना शंका आली.

त्यानंतर दोन वर्षं मुलीचं एकच पालुपद होतं. "बाबा, आमच्या आईंचा डावा गुडघा. जिना चढवत नाही त्यांना. घर टाकून कशी येऊ राहायला?" यायची ती तासाभरासाठी, पर्स मांडीवर ठेवून चहा घ्यायची आणि बस गाठायची. तिची खोली साहेब दर रविवारी झाडत. गादी उन्हात टाकत आणि संध्याकाळी पुन्हा आत आणत.

साहेबांच्या मते गुडघा हे फार सोयीचं दुखणं होतं. ताप मोजता येतो, खोकला ऐकू येतो. गुडघा मात्र धनी सांगेल तेवढाच दुखतो. विहीणबाई इस्पितळात सिस्टर होत्या, म्हणजे दुखण्याचं नाटक कसं असतं हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. इथे नक्की पाणी मुरत होतं. पेन्शन घेऊन कोचावर पाय पसरून बसायचं आणि सुनेला कामाला जुंपायचं, वर तिचं माहेर तोडायचं. साहेबांना एकच हवं होतं, की तो गुडघा त्यांच्यासमोरून चालत जावा. बाकी ते बघून घेणार होते.

आणि तो गेला, तोही पंचांच्या बंदोबस्तात.

त्या वर्षी शहरात प्रौढांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या. पस्तिशीपासून पुढे कितीही, अशी वयाची अट. पोहणं, धावणं, नेमबाजी, टेबल टेनिस, सगळं होतं. जगभरातून माणसं आपापल्या खर्चाने गोळी-औषधांचे डबे घेऊन आली होती. एरवी वय चोरणारी माणसं इथे साठ पूर्ण झाल्याचं आनंदाने सांगत होती, कारण नव्या गटात आपणच सगळ्यांत तरुण. भालाफेकीत ऐंशीच्या पुढचे तिघे होते आणि त्यांचा भाला सोडून बाकी सगळ्यावर डॉक्टरांचं लक्ष होतं.

स्वयंसेवक हवे होते. एक्सरेसाहेबांना अर्थातच फाटकावर उभं केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी उद्घाटनाच्या प्रमुख पाहुण्यांना, बिल्ल्यावरचा फोटो आणि चेहरा यांच्यात किमान पंधरा वर्षांचं अंतर आहे म्हणून बाजूला उभं केलं. संध्याकाळपर्यंत संयोजकांना त्यांच्यासाठी दुसरं काम शोधण्याची घाई झाली.

त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला. जावई मनाने निर्मळ होता, म्हणजे पोटात काही राहत नसे.

"मामा, तुम्ही स्टेडियमवर आहात म्हणे? मग शुक्रवारी आईला बघालच. चालण्याची शर्यत. साठ ते चौसष्ट."

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि गुडघा?"

"कुणाचा?"

साहेब काहीच बोलले नाहीत. फाटकावर हा उपाय हमखास लागू पडे.

"हां, गुडघा," जावई म्हणाला. "आहे ना गुडघा. आत हाक मारतायत मला, ठेवतो."

मायलेक सामील आहेत, एवढं साहेबांना त्या एका 'कुणाचा'वरून कळलं. दुसऱ्या दिवशी ते संयोजकांकडे गेले आणि म्हणाले, चालण्याच्या शर्यतीला पंच कमी असतील तर मी तयार आहे. संयोजकांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

चालण्याच्या शर्यतीचे नियम ऐकून एक्सरेसाहेबांना आपण चुकून तोट्यांच्या कारखान्यात आयुष्य घालवलं असं वाटलं. इथे सगळी शर्यतच संशयावर उभी होती. एक पाऊल कायम जमिनीवर हवं, आणि पुढचा पाय टेकल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत त्याचा गुडघा ताठ हवा. भिंग नाही, कॅमेरा नाही, नुसत्या डोळ्यांनी बघायचं. गुडघा वाकताना दिसला की मुख्य पंचांकडे लाल कार्ड पाठवायचं. तीन पंचांची तीन कार्डं जमली की स्पर्धक बाद. फक्त शेवटचा नियम त्यांना पटला नाही. मुख्य पंच, परदेशातून आलेल्या एक उंच बाई, दुभाष्याकडून दोनदा वदवून घेत होत्या की शंका असेल तर शंकेचा फायदा खेळाडूला.

"कारखान्यात तो कंपनीला असे," साहेब म्हणाले.

दुभाष्याने हे भाषांतरित केलं नाही. मग त्याने सगळ्यांना विचारलं, स्पर्धकांत कुणाचे नातेवाईक आहेत का? साहेबांनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली, नाही. विहीण हे नातं नव्हे, ती परिस्थिती असते.

शुक्रवारी सकाळी ते स्टेडियमबाहेरच्या रस्त्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. विहीणबाईंना गुडघा वाकवायचा झाला तर सोयीची जागा तीच, असा त्यांचा हिशोब होता, कारण तिथून प्रेक्षक दिसत नाहीत. पेच त्यांना पुरता ठाऊक होता. गुडघा वाकडा निघाला तर दुखणं खरं. मग मुलगी जन्मभर अडकली आणि वर आपल्याच सहीचं कार्ड त्याला पुरावा. गुडघा ताठ निघाला तर विहीणबाईंचं पितळ उघडं. मग मुलगी त्याच संध्याकाळी पिशवी भरून राहायला आली पाहिजे, त्याला सबब उरत नाही.

बायका वळणावर आल्या. कंबर डावी-उजवीकडे टाकत, कोपरं घासत, चेहऱ्यावर मागे कुत्रं लागल्याचे भाव आणि तरी धावायची सोय नाही. विहीणबाई चौथ्या होत्या. पांढरी टोपी, पांढरे बूट, ओठ घट्ट मिटलेले. साहेबांनी श्वास रोखून डावा पाय पाहिला.

तो टाचेवर टेकला आणि पट्टी ठेवावी तसा ताठ झाला.

दुसऱ्या फेरीला ते रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथूनही तोच पाय दिसला आणि तसाच दिसला. तिसऱ्या फेरीला त्यांना उजव्या पायाचाही संशय आला. तोही ताठच होता. मधल्या काळात त्यांनी एका आजीबाईंना वाकलेल्या गुडघ्यासाठी कार्ड दिलं, पण हात यांत्रिक चालला होता. अशी चाल त्यांनी फाटकावर उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्या चालीत लपवलेलं काही नव्हतं. शेवटच्या फेरीला विहीणबाई दुसऱ्या आल्या होत्या आणि तशाच त्यांनी शर्यत संपवली.

पुढची शर्यत सुरू व्हायला अवकाश होता. साहेब पाण्याच्या टेबलाकडे निघाले. विहीणबाई बाकावर बसून बुटांच्या नाड्या सैल करत होत्या.

"नमस्कार, विहीणबाई."

"अगबाई, व्याहीबुवा! टाकीपाशी तुम्ही होतात होय? मी म्हटलं, नवा खांब रोवला की काय."

"काय चालता हो तुम्ही."

"वॉर्डात धावायची बंदी असते ना. सिस्टर धावली की पेशंट घाबरतात. मग न धावता पळायचं. सगळी नोकरी तेच केलं." त्यांनी रुमालाने मान पुसली. "सूनबाईच लागली मागे, भाग घ्याच म्हणून. पहाटे सायकल घेऊन बरोबर यायची माझ्या."

साहेबांनी हे ऐकलं, पण ते आता प्रश्नाच्या तोंडाशी आले होते.

"आणि डावा गुडघा?"

"काय त्याचं?"

"काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत बिचारा. कधीच नाही म्हणाला. का हो?"

"नाही, आमची मुलगी दोन वर्षं सांगतेय. तुमचा डावा गुडघा धरलाय, जिना चढवत नाही, म्हणून तिला माहेरी राहायला येता येत नाही."

विहीणबाईंचा हात नाडीवरच थांबला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. गर्दीतून सूनबाई थर्मास आणि पिशवी घेऊन येत होती. साहेबांनी हजारो माणसं या क्षणाला पाहिली होती, बोट दाखवल्यानंतरच्या आणि 'बाजूला या'च्या आधीच्या. पण या बाईंच्या चेहऱ्यावर चोराची घाई नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी वस्तू अचानक आपल्या हातात आल्यासारख्या त्या दिसत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. वॉर्डाबाहेर नातेवाइकांशी बोलायचा असतो तो आवाज. "तो गुडघा होय. आहे ना. थंडीत फार धरतो मेला. आज कसा कोण जाणे, मोकळा राहिला."

आणि त्या उठल्या, चार पावलं चालल्या, लंगडत.

उजव्या पायाने.

साहेबांनी ते पाहिलं. न पाहतील तर ते एक्सरेसाहेब कसले? त्यांना एवढंच सुचलं की फाटकातून माणसं असलेली वस्तू नसल्यासारखी नेत. नसलेली वस्तू असल्यासारखी नेणारं पहिल्यांदाच भेटलं. मग बाकीचं एकेक करून जागेवर बसत गेलं. गुडघ्याबद्दल विहीणबाईंच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. जावयाचा 'कुणाचा?' खराखुरा होता. माल विहीणबाईंकडे नव्हताच. दोन वर्षं साहेब भलत्याच माणसाच्या पायांकडे बघत होते.

तेवढ्यात मुलगी पोचली. बाबा उभे, सासूबाई लंगडत, हे तिने एका नजरेत पाहिलं आणि जागीच थांबली. तिचा हात पिशवीकडे गेला. बोटांनी चेन पकडली आणि ती अर्ध्यापर्यंत उघडलीसुद्धा. दोन मुलांची आई, बँकेत अधिकारी, आणि पिशवी पोटाशी धरून उघडत होती. आपण काय करतोय हे तिला स्वतःलाच कळलं नसावं.

साहेबांना विचारायला एकच प्रश्न पुरेसा होता. कोणता पाय? तीन तऱ्हांनी विचारायचीही गरज नव्हती.

"राहू दे ती पिशवी," ते म्हणाले. "यांना आधी बसव. गुडघा दुखावलाय त्यांचा. जप त्यांना, माझ्याकडे यायची काही घाई नाही."

मुलगी बघतच राहिली. "बाबा, तुम्ही काही विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं?"

"मी इथे कधी आले, कशाने आले, मुलं कुणाकडे ठेवली?"

"ठेवली असशील कुणाकडे तरी."

आता मुलीचा चेहरा खरोखर उतरला. ती सासूबाईंकडे वळली. "आई, बाबांना बरं नाहीये."

विहीणबाई हे ऐकून तडक निघाल्या, टाच टेकून, दोन्ही गुडघे ताठ, न धावता पळत, आणि साहेबांचं मनगट धरून नाडी बघू लागल्या. तेवढा वेळ साहेब फलकावरचे निकाल वाचत होते. ते परक्या लिपीत होते.

नाडी ठणठणीत होती. साहेबांना ते माहीत होतं आणि सिस्टरांना तर होतंच. दोघांची एकदा नजरानजर झाली.

"तशी काळजी नाही," विहीणबाई सुनेला म्हणाल्या, पुन्हा त्याच नातेवाइकांच्या आवाजात, "पण काही दिवस एकटं ठेवू नये. आपलं माणूस जवळ असलेलं बरं."

"मी येते मग," मुलगी म्हणाली. थोडं थांबून तिने पुस्ती जोडली, "चार दिवस. मग बघू."

साहेबांनी नाही म्हटलं नाही. पुढच्या शर्यतीचा पुकारा झाला. टाकीपाशी परतायला हवं होतं, पण आजारी माणसाने किती भरभर चालावं याचा त्यांना अंदाज नव्हता. ते हळूहळू निघाले, मधेच एकदा थांबले, उगीच छातीवर हात ठेवला. पाठीमागून दोघी साहेबांच्या पायांकडे बघत असणार, हे त्यांना न वळता कळत होतं.