आधी कालचं

हवाताईला रस्त्यात कोणी ‘कशी आहेस?’ असं विचारत नाही. ‘आज छत्री घेऊ का?’ असं विचारतात. बेकरीवाला विचारतो, बसचा कंडक्टर विचारतो. दाताच्या डॉक्टरने तर तिच्या तोंडात नळी खुपसलेली असताना विचारलं होतं, ‘शनिवारी गाद्या उन्हात घालू का?’ ताईने आडवी मान हलवली. डॉक्टरने गाद्या घातल्या नाहीत आणि शनिवारी लख्ख ऊन पडलं. तो आजही तिला ते ऐकवतो, आणि पुढच्या शनिवारचं पुन्हा तिलाच विचारतो.

ती गावातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर हवामान वाचते, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. आवाज गोड आहे. स्वभाव तसा असेल अशा समजुतीने जे तिच्याशी बोलायला जातात ते लवकरच परत येतात. बातमीपत्राचे दोन भाग. पहिला विभागीय हवामान कार्यालयाकडून छापून येतो: तापमान, वारा, पाऊस. दुसरा भाग ‘आज बाहेर’, आणि तो ताईचा स्वतःचा. त्यासाठी ती उजाडताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून निघते. नदीकाठच्या पायवाटेवर टाच रुतवून बघते, पुलावरच्या वाऱ्यात सायकलवाल्याला उतरावं लागेल का याचा अंदाज घेते, शाळेच्या मैदानावर फेरी मारते. झाडांचे परागकण उडायला लागले की पहिली शिंक तिलाच येते, त्यामुळे त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

वसंताबद्दल कवींना काय म्हणायचं ते म्हणू दे. हवामान वाचणाऱ्या माणसाला विचाराल तर इतका लबाड ऋतू दुसरा नाही. सकाळी कोट घालून निघालेला माणूस दुपारी तो हातावर टाकतो, कुठेतरी विसरतो आणि संध्याकाळी कुडकुडत घरी येतो. आणि वर म्हणतो, हवाताईनेच सांगितलं होतं.

पण तिची खरी ओळख या दोन भागांत नाही. त्याच्याही आधी ती जे वाचते त्यात आहे. बातमीपत्र सुरू करताना ती रोज म्हणते, “आधी कालचं.” मग काल काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, ते सांगते. बरोबर आलं असेल तर बरोबर आलं, चुकलं असेल तर चुकलं. आणि मग, “आता आजचं.”

हे तिच्या वडिलांचं देणं. ते रंगारी होते, घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवायचे. रेडिओने कोरडा दिवस सांगावा, वडिलांनी भिंत रंगवावी आणि दुपारी पाऊस येऊन सगळा रंग गटारात जावा, असं कितीदा तरी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच आवाज, जणू काही घडलंच नाही अशा थाटात, आजचं हवामान सांगायला हजर. दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून वडील रेडिओवर ओरडायचे, “आणि कालचं काय? आधी कालचं बोल!” ताई आणि तिची धाकटी बहीण दुधाचे कप आपटत मागून ओरडायच्या, “आधी कालचं!” रेडिओ कशाला उत्तर देतोय!

ताई पहिल्यांदा माइकसमोर बसली तेव्हा वडील हयात नव्हते. आदल्या दिवशीच्या निवेदकाने कोरडं सांगितलं होतं आणि चांगला पाऊस झाला होता. ताईने घसा साफ केला आणि पहिलंच वाक्य म्हणाली, “आधी कालचं. काल आम्ही चुकलो.” त्या वेळच्या साहेबांना चहाचा ठसका लागला. पण लोकांना ते आवडलं, आणि पद्धत पडून गेली.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नीटनेटका, मऊ बोलणारा, दार वाजवल्याशिवाय आत न येणारा. फक्त त्यांना चुकीची भीती वाटायची, आणि चूक होण्यापेक्षा ती दिसण्याची जास्त.

“ताई, श्रोत्यांचा विश्वास हीच आपली कमाई,” ते म्हणाले. “रोज उठून ‘आम्ही चुकलो’ अशी पाटी गळ्यात कशाला अडकवायची?”

“चुकलो त्याच दिवशी अडकवते. एरवी काढून ठेवते.”

“डॉक्टर रोज सकाळी सांगतो का, काल कोणाचं औषध चुकलं?”

“नाही सांगत. म्हणून तर आपण दुसरा डॉक्टर शोधतो.”

साहेब हसले, पण ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. यंत्रांपाशी बसणाऱ्या मामाला त्यांनी बजावून ठेवलं: उद्यापासून ताईंनी कालचं सुरू केलं की आवाज बंद आणि संगीत सुरू. हा मामा खरं तर कोणाचाच मामा नव्हता, पण केंद्रावर सगळे त्याला मामाच म्हणायचे. त्याने जिन्यात गाठून ताईच्या कानावर घातलं आणि म्हणाला, “माझी काय सत्ता, सांग.”

त्याच दुपारी ताईकडून चूक झाली. हवामान कार्यालयाच्या कागदावर होतं, ‘पहाटे तापमानात घट.’ ताईने येताना पुलाच्या दगडी कठड्यावर हात ठेवून पाहिला होता. दगड उबदार होता, वारा पडलेला. तिने कागद वाचला आणि वर आपल्या पदरचं एक वाक्य घातलं: “घट होईल, पण घाबरण्याइतकी नाही. कुंड्या, रोपं रात्री बाहेर ठेवायला हरकत नाही.” हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ठसक्यात सांगून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने शाळेच्या मैदानात पाय टाकला आणि बुटाखाली गवत करकरलं. सगळं मैदान पांढरं होतं. दव गोठलं होतं. ताई तशीच पुढे धावली, कारण मैदानापलीकडे धाकटीची रोपवाटिका होती.

वसंतातली रोपं विकायच्या आधी धाकटी त्यांना उघड्यावर ठेवून थोडी कणखर करते. ती कधी बाहेर काढायची, हे ती बहिणीचं ऐकून ठरवते. कुंपणापाशी पोचल्यावर ताईला रांगेने मांडलेले ट्रे दिसले. टोमॅटो, मिरच्या, झेंडू. पानं काचेसारखी ताठ उभी होती. ऊन लागलं की ती काळी पडून मान टाकणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी धाकटी झारीने त्यांच्यावर पाणी घालत होती.

“धाकटे…”

धाकटीने वळून पाहिलं नाही. “आधी रेडिओवर सांग,” ती म्हणाली. “मग माझ्याशी बोल.”

ताई केंद्रावर पोचली तर साहेब स्टुडिओच्या दारातच उभे. लोकांचे फोन सुरू झाले होते. “आज कालचं अजिबात नाही,” ते म्हणाले. “आज बोललात तर तो कबुलीजबाब होईल. लोक दारात येऊन भांडतील.”

“भांडू देत. त्यांची रोपं गेलीत, साहेब. आपला फक्त तोरा जाईल.”

ती आत जाऊन बसली. लाल दिवा लागला. “नमस्कार. आधी कालचं. काल मी सांगितलं होतं की…” आणि दिवा विझला. बाहेरच्या स्पीकरवर बासरी सुरू झाली. काचेपलीकडे मामाने मान खाली घातली होती. ताई थांबली नाही. बंद माइकसमोर तिने सगळं पूर्ण वाचलं, कालचं, आजचं, पायवाटेच्या चिखलासकट. बाहेर आल्यावर मामाला एवढंच म्हणाली, “बासरी तरी जरा बरी लावायचीस.”

ती घरी गेली नाही. जिन्यावर बसून राहिली. तिला संताप आला होता, आणि संतापाहून जास्त लाज वाटत होती. धाकटीने रेडिओ लावला असणार. हातात झारी धरून ती कालचं ऐकायला उभी राहिली असणार, आणि तिला ऐकू आली बासरी. ताईही आता वडिलांच्या त्या रेडिओसारखीच झाली, असं तिला वाटलं असणार. हे ताईला सहनच होईना.

ऊन वर आलं तेव्हा धाकटी स्वतःच आली. बुटांना चिखल, छातीशी धरलेला एक ट्रे. जिन्यावरच्या बहिणीकडे न बघता ती थेट साहेबांच्या खोलीत शिरली आणि तो ट्रे त्यांच्या टेबलावर ठेवला. टोमॅटोची रोपं काळी पडून लोळत होती. थोडी माती साहेबांच्या कागदांवर सांडली. ताई मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

साहेब उठून उभे राहिले. “झालं त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं. पण हवामान म्हटलं की…”

“चुकलं ते मला या रोपांनी पहाटेच सांगितलं,” धाकटी म्हणाली. “त्यासाठी मी नाही आले. सकाळी बासरी कोणी लावली?”

साहेबांनी दारातल्या ताईकडे पाहिलं.

“ही माझी बहीण लहानपणापासून चुकते. हिचं ऐकून मी शाळेत कितीदा भिजत गेलेय ते मलाच ठाऊक. तरी आजवर हिचंच ऐकत आले. का? तर चुकली की दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगते. ते तुम्ही बंद केलंत, तर मी उद्या कोणाच्या भरवशावर रोपं बाहेर काढू? बासरीच्या?”

साहेबांनी रुमाल काढून कागदांवरची माती झटकायला घेतली. धाकटीने ट्रे तिथेच ठेवला आणि वळली. ताईच्या जवळून जाताना तिने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“दुपारी ऐकते,” ती म्हणाली आणि गेली.

दुपारच्या बातमीपत्राआधी साहेब ताईच्या खोलीत आले, या वेळी दार न वाजवता. “ताई, वाचलंत तर उद्यापासून येऊ नका. मी गंमत करत नाहीये.”

“मीही नाही,” ताई म्हणाली.

असं म्हणायला तिला काही सोपं गेलं नाही. हे काम तिचा जीव की प्राण होतं. ती खुर्ची, तो दिवा, शेकडो अनोळखी माणसं आपल्या शब्दावर दोरीवर कपडे वाळत घालतात ही भावना, हे सोडून जगायचं कसं याचा तिने कधी विचारच केला नव्हता. पण गप्प बसून ती खुर्ची राखायची, तर तिच्यावर बसून करायचं काय? ती स्टुडिओत गेली आणि दार लावून घेतलं. लाल दिवा लागला.

“नमस्कार. आधी कालचं. काल दुपारी या केंद्रावरून सांगितलं गेलं की रोपं रात्री बाहेर ठेवायला हरकत नाही.”

काचेपलीकडे साहेब म्हणाले, “बंद करा.”

मामाने दोन्ही हात खिशात घातले. “काय, साहेब?”

“आवाज!”

“कोणाचा, साहेब?”

साहेब स्वतः पुढे वाकले. समोर बटणांच्या रांगाच रांगा, सगळी सारखी. त्यांनी धीर करून एक दाबलं. पंखा बंद पडला.

“हरकत होती,” ताई सांगत होती. “पहाटे दव गोठलं. घट होईल असं कार्यालयाने सांगितलं होतं, ते बरोबर आलं. रोपांचं वाक्य माझं होतं, ते चुकलं. हे सकाळीच सांगायचं होतं, त्याऐवजी तुम्हाला बासरी ऐकू आली. ज्यांची रोपं गेली त्यांनी मला खुशाल बोल लावावेत, मी बेकरीच्या रांगेत भेटते. आता आजचं. आज रात्री पुन्हा तशीच थंडी आहे. चादर, पोतं, जुना पडदा, जे हाताशी असेल ते रोपांवर घाला. पायवाट सुकली आहे. पुलावर वारा नाही.” तिने हातातला कागद खाली ठेवला. “आणि उद्याचा एक अंदाज. उद्या सकाळी या माइकसमोर मी नसेन.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिला जाग आली. नोकरी गेली तर जाऊ दे, बूट काही साहेबांच्या मालकीचे नव्हते. ती निघाली. मैदान पुन्हा पांढरं होतं. रोपवाटिकेत उरलेल्या ट्रेंवर घरातल्या सगळ्या चादरी पसरलेल्या होत्या, त्यातली एक तर वडिलांची, रंगाचे डाग पडलेली. धाकटी एकेक उचलून बघत होती. खालची पानं हिरवीगार होती.

“झाकलंस?” ताईने विचारलं.

“तू सांगितलंस ना,” धाकटी म्हणाली. मग बहिणीकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, “इथे काय करतेस? उशीर होत नाही का?”

“येऊ नका म्हणालेत.”

“म्हणालेत! ते काय हवामान कार्यालय आहेत, ते म्हणाले म्हणजे तसं होईल?”

ताईला हसू आलं. मग ती सरळ केंद्राच्या रस्त्याला लागली, चिखलाच्या बुटांनीच. मामा जिन्यात भेटला. “वर कळवलंय म्हणे,” तो हळूच म्हणाला. “तुला काढल्याचा कागद अजून आलेला नाही.” साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावरचा ट्रे कोणी उचलला नव्हता. साहेबांनी तिला पाहिलं आणि थांबवायला हात वर केला.

ताई थांबली नाही. मामाने जागेवर बसून आधी पंखा लावला, मग आवाज. लाल दिवा लागला.

“नमस्कार. आधी कालचं. काल मी सांगितलं होतं, आज सकाळी या माइकसमोर मी नसेन.” तिने घसा साफ केला. “ते चुकलं. आता आजचं.”