घमेल्याखालची चाकोरी

नवं राज्य होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत जिनिंग फॅक्टरीच्या जीपड्रायव्हरला लबाड ठरवण्यात आलं. ठरवणारे जत्रा कमिटीचे अध्यक्ष. गप्प बसणारे आपण. म्हणजे मी, आणि हे वाचणारे तुम्हीसुद्धा. मागे वळून कोणाला पाहता? तुम्हालाच म्हणतोय.

हा ड्रायव्हर मूळचा रोहिणखेडचा. सगळं गाव त्याला मामा म्हणे. नवी गाडी दिसली की मामा उकिडवा बसायचा, तिच्या पोटाखाली डोकावायचा आणि मालकाला विचारायचा, "वढते का ढकलते?" मालकाला हे कधीच माहीत नसे. मग मामा उठून धोतर झाडत म्हणे, "मालक फक्त बसते."

मी तेव्हा पत्रकं वाटत फिरायचो. फॅक्टरीची जीप अधूनमधून आमच्या पक्षाच्या प्रचाराला मिळे, म्हणून मामाशेजारी बसायचा योग आला.

"पत्रकवाले, बैलगाडी सरळ काऊन चालते?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"बैल चांगले असले म्हणून."

"अबे, बैल पुढं हायेत म्हनून! पुढून वढलं की मागचं गुमान येते. आता हातगाडी मागून ढकल. एक हात जास्त लागला का तोंड फिरवते. मोटार म्हनजे हातगाडीच. मागची चाकं ढकलते, पुढची निसती रस्ता दाखवते. तुमच्या पुढाऱ्यावानी."

फौजेत असताना त्याने पुढच्या चाकांनी ओढणारी एक विलायती मोटार पाहिली होती. "चिखलातून निघाले लई सुदी. पन वळनावर जोरात घातली का वळेच ना. सायबासकट फुलझाडात!"

जीपमध्ये एक जादाची दांडी होती. ती टाकली की चारही चाकं कामाला लागत. मग तीच सगळ्यात भारी ना, असं मी एकदा मामाच्या ओट्यावर बसून विचारलं.

"फसल्यावर भारी. गोल फिराले रेडा, लवकर वळत नाई," मामा म्हणाला. "माह्या घरी चारही चाकं चालू असते. मामी वढते, मी ढकलतो. फसत नाई, पन वळाचं म्हनलं का भांडन."

मामी आतून ओरडली, "ढकलते म्हने! मांगं बसून विडी वढते!"

आता त्या दिवसाचं. जत्रेत घागरींचा खेळ असे. शेताच्या एका पट्टीत विहिरीचं पाणी सोडून चिखल करायचा, त्यात मातीच्या घागरी मांडायच्या, आणि एकही न फोडता मोटार त्यांच्यातून फिरवून आणायची. जो लवकर येईल त्याला फेटा. त्या वर्षी अध्यक्षांचा पुतण्या आपली काळी मोटार घेऊन उतरणार होता. म्हणून कमिटीने नवा नियम काढला: जीपवाल्याने चार चाकांची दांडी टाकायची नाही.

मामा पोट धरून हसला. "ज्याचा उपेगच नाई त्याची मनाई! दांडी टाकून घागरीभोवती फिरतो कोन?"

पुतण्या आधी गेला. पहिल्या वळणावर त्याने जोर दिला आणि मोटारीचं शेपूट असं घसरलं की चार घागरी फुटल्या, आणि मोटार आली त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मग मामा. पाय इतका हलका की जीप गुणगुणत होती. वळणावर तो शेपूट मुद्दाम जरासं सोडे, ते घागरीला वळसा घाली, की लगेच पाय उचले. एकही घागर फुटली नाही.

अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या चिखलातून निसत्या मागच्या चाकांवर गाडी निघतच नाई. यानं दांडी टाकली. बाद!"

"मले नका इचारू, जमिनीले इचारा," मामा म्हणाला. "जे चाक जोर लावते ते माती उकरते. जे निसतं फिरते ते छाप सोडते."

वळणावर शेपूट बाहेर गेल्यामुळे पुढच्या चाकांची चाकोरी वेगळी उमटली होती. मी वाकून पाहिली. टायरची नक्षी कागदावर छापल्यासारखी स्वच्छ. मागच्या चाकांची मात्र नुसती उकराउकर. आंधळ्यालाही बोटाने वाचता आलं असतं.

"आमी काय माती वाचाले बसलो का बे?" अध्यक्ष म्हणाले, आणि फेटा पुतण्याच्या डोक्यावर गेला.

मामाने कोणाचंतरी घमेलं मागून घेतलं आणि त्या चाकोरीवर पालथं घातलं. "सकाळी या. ज्याले पाह्यचं त्यानं उचलून पाहा."

सकाळी मी आणि मामा, दोघंच होतो. रातोरात चाकोरीसकट सगळी पट्टी वखरून झाली होती. घमेलं कडेच्या धुऱ्यावर, बांधावर नीट ठेवलेलं. मामा ते उचलून घरी घेऊन गेला.

नळाला पाणी नाही म्हणून पत्रक, एसटी थांबत नाही म्हणून पत्रक, अशी माझी ख्याती. या गोष्टीवर मी एक ओळ काढली नाही. जीप आम्हाला अध्यक्षांच्या शब्दावर मिळत होती. मामाला ते ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "पत्रकवाले, तुमचं बी इंजिन दुसऱ्याच्याच गाडीत हाय का?"

फॅक्टरीने आठवड्यात जीप काढून घेतली. लबाडाच्या हाती गाडी कशी द्यायची! मामा मग ट्रकवर गेला. बाजाराच्या दिवशी दिसायचा, पण मोटारीखाली वाकून पाहणं त्याने सोडलं होतं. कोणी मुद्दाम विचारलंच, तर म्हणे, "मले काय इचारता? मी लबाड मानूस."

गेल्या दिवाळीत तो गेला. मी रोहिणखेडला मामीकडे गेलो. अंगणात ते घमेलं पालथं होतं. मी पाहतोय म्हटल्यावर मामी म्हणाली, "ते होते तवर कोनाले हात लावू देत नव्हते. आता म्या कोंबडीची पिल्लं झाकते. कवापावतर रिकामं ठेवू?"

कमिटीच्या वहीत त्याच्या नावापुढे अजून लिहिलेलं आहे: ‘बाद. लबाडी केली.’

तुम्ही त्या दिवशी धुऱ्यावर होता. पुढच्या चाकांची नक्षी तुम्हीही पाहिलीत, आणि घरी जाऊन भाकरी खाल्लीत. येत्या शिवरात्रीला मी मांडवात उभा राहून ती वही मागणार आहे. या. ‘बिचारा’ म्हणायला येऊ नका. काय पाहिलंत ते अध्यक्षांच्या तोंडावर सांगा, आणि वहीतला ‘लबाडी’ हा शब्द माझ्यासोबत खोडा.