वाटेपुरती परवानगी

सुमनताई गेल्याचा फोन मला विरुद्ध पक्षकाराकडून आला. दिवाणी वकिलाच्या आयुष्यात असं सहसा घडत नाही. पिपरी मेघेच्या माझ्या घरात सकाळची घाई चालली होती, आणि पलीकडून कापरा आवाज आला, "वकीलबाई, मधुकर बोलून राह्यलो, हिंगणीहून... ताई गेल्या." छातीत कळ आली तेव्हा ताईने हाक मारली ती शेजारच्या मधुकररावांना. त्यांनीच गाडी काढली, तिला वर्धेच्या दवाखान्यात आणायला निघाले, आणि ती रस्त्यातच गेली. माझा नंबर त्यांच्याकडे होता तो मी त्यांना पाठवलेल्या नोटिशीवरचा. ज्या माणसाविरुद्ध मी ताईचा दावा लढवला आणि हरले, त्याच माणसाला फोनवर रडताना ऐकून मला आधी संतापच आला. रडणं नंतर आलं.

ताई माझी आतेबहीण. मी शिकायला तिच्या घरी राहिले, माझ्या वेण्या तिने घातल्या, आणि मी वकील झाले तेव्हा गावभर पेढे तिनेच वाटले. पण कौतुकासोबत टोमणा हवाच. "आमची नंदा कोर्टात लई बोलते, घरी भाजीत मीठ टाकाले इसरते," असं ती माझ्या नवऱ्यासमोर सांगायची. भाऊजी लवकर गेले. त्यांची मुलगी पल्लवी तेव्हा शाळेत होती. तूर आणि कपाशीचं ते शेत ताईने एकटीने सांभाळलं. आमच्या नात्यात पहिल्यांदा कोणाच्या नावावर सातबारा चढला असेल तर तो तिच्या सासऱ्यांच्या, याच शेताचा. त्यामुळे ते विकण्याचा विषय कोणी काढला की ती ताटावरून उठून जायची.

शेत चांगलं होतं, फक्त त्याला रस्ता नव्हता. कालवा झाला आणि जुनी वाट तुटली. मग ताईच्या सासऱ्यांनी मधुकररावांच्या वडिलांना विचारलं, आणि त्यांच्या वावरातून बैलगाडी जाऊ लागली. सासरे गेल्यावर हे विचारणं ताईने चालू ठेवलं. दर वर्षी पेरणीच्या आधी ती घरच्या तुरीची डाळ घेऊन त्यांच्याकडे जायची आणि म्हणायची, "आबाजी, यंदा बी येऊ ना तुमच्या वावरातून?" म्हातारबाबा चिडायचे. "येजो ना माय! दरसाली काऊन इचारून राह्यली?" तरी पुढच्या वर्षी ताई पुन्हा हजर. बाबा चिडायचे, हो म्हणायचे, चहा व्हायचा. कित्येक वर्षं हे असंच चाललं, आणि यात काही चुकत असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

बाबा वारले आणि वर्षभरात मधुकररावांनी तारेचं कुंपण घातलं. भांडण काहीच नव्हतं. त्यांना कोणा जाणकाराने सांगितलं होतं की हिला अशीच जाऊ देशील तर वाट कायमची तिची होईल. यात थोडं तथ्य होतं. कायद्यात वहिवाटीचा हक्क म्हणून एक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून तुम्ही वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने येजा केली, तर तो हक्क तुमच्या शेताला चिकटतो. माणसं बदलली, शेत विकलं गेलं, तरी वाट राहते. पण "हक्काने" या शब्दात सगळी मेख आहे. तुम्ही परवानगी घेऊन जात असाल तर शंभर वर्षं गेलात तरी हक्क उभा राहत नाही. ती नुसती मेहेरबानी ठरते, देणारा कधीही बंद करू शकतो. म्हणजे हट्टाने घुसणाऱ्याला कायदा वाट देतो आणि रीतीने विचारणाऱ्याला देत नाही. शिकताना मी हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ताईच्या दाव्यात ते माझ्या गळ्याशी आलं.

तहसीलीतून धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, रस्ता मागून पाहिला होता, पण धुरा कालव्यालाच टेकलेला, तिथून बकरी जाणं मुश्कील. म्हणून दावा लावला. ताईला मी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोल. समोरच्या वकिलांनी नेमकं तेच विचारलं. "तुम्ही दर वर्षी परवानगी घेत होतात का?" ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना कोणी वळणच लावलं नाही. "इचारो ना! दुसऱ्याच्या वावरातून जाचं तं इचाराले नोको?" कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीश साहेबांनी ते वाक्य लिहून घेतलं. मी पेन खाली ठेवला.

बाहेर कडुनिंबाखाली मी तिच्यावर ओरडले. "कशाला मागायचं आपण? आपल्या आजोबांचं अर्धं आयुष्य लोकांच्या फाटकाबाहेर हात जोडण्यात गेलं. ती सवय मोडायला किती पिढ्या गेल्या, आणि तू डाळ घेऊन जातेस!" ताई शांतपणे पदराने घाम पुसत होती. "आजा मांगे, कारन त्याच्यापाशी काई नोतं. माह्यापाशी वावर हाय. मी मांगत नाई, इचारतो. त्याच्या तासातून माही गाडी जाते, त्याचं पीक चेंगरते, मंग सांगाले नोको? आन बुढ्यानं इतके साल हो म्हनलं. तो मेल्यावर, त्यानं कधी हो म्हनलंच नाई, असं खोटं सांगू?" मी रिक्षा बोलवायला गेले.

निकाल अर्थातच विरुद्ध लागला. हक्क नाही, केवळ परवानगी होती. मी अपिलाचं बोलू लागले, तर ताई तिसऱ्याच दिवशी डाळ घेऊन मधुकररावांच्या दारात. लाज नाही का वाटत, असं मी फोनवर विचारलंही. पण मधुकररावांनी कुंपणाला फाटक बसवलं. वाट कायमची ताईची होण्याची त्यांची भीती कोर्टानेच घालवली होती. आता हो म्हणण्यात त्यांचं काहीच जाणार नव्हतं. ताईने मला खिजवलं, "पाय, तू हरली म्हून मले वाट भेटली!" आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र काही दिवस धुसफुसत होते. त्यानंतरची सगळी वर्षं ती त्याच फाटकातून गेली, तशीच, विचारून.

परवानगीची आणखी एक गोष्ट कायद्यात आहे. हक्क शेताचा असतो, परवानगी माणसाची. माणूस गेलं की तीही जाते. हे मी किती अशिलांना चहा पिता पिता सांगितलं असेल! ताईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मृग तोंडावर आल्यावर पल्लवी माझ्याकडे आली. ती सेलूला नोकरी करते आणि आईचं शेत स्वतः करायचं म्हणते. तिने विचारलं, "मावशी, वाट आपली राह्यली का?" मला तिच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, नाही बेटा, ती आईसोबत गेली. आता बिनरस्त्याचं शेत उरलं, आणि ते विकत घेतील तर एकटे मधुकरराव. पल्लवी म्हणाली, "मंग चाल माह्यासंगं. आई जाये तशी जाऊ."

आम्ही दोघी गेलो. अंगणात मधुकरराव बियाण्याच्या थैल्या उतरवत होते. पल्लवीने तोंड उघडलं, पण "काका, यंदा..." एवढंच निघालं. मधुकररावांनी हातातली थैली खाली ठेवली.

"तू कायले इचारतं, पोरी? ताई उन्हायातच इचारून गेल्या."

मला वाटलं त्यांची काही गल्लत होते आहे. पेरणीच्या इतक्या आधी ताई कधीच जात नसे.

"मी बी तेच म्हनलं," ते म्हणाले, "ताई, यंदा इतक्या लवकर? तं म्हने, मधुकरभाऊ, यंदा माह्यासाठी नाई आली. डाक्टरनं सांगतलं, छातीचं काई खरं नाई. नंदाले अन् पोरीले सांगू नोका, उगीच भेतीन. मी नसलो तं माह्या पोरीले येऊ द्यान ना तुमच्या वावरातून?" त्यांनी डोळे पुसले. "बसा म्हनलं, चहा घ्या. बसल्याच नाई. म्हने, आधी हो म्हना."

"मग?" मी विचारलं.

"म्हनलं ना हो." आणि मग, मी वकील आहे हे आठवून, जरा बिचकत त्यांनी विचारलं, "वकीलबाई, चालते का हे कायद्यात?"

चालत नाही. मेलेल्या माणसाची परवानगी चालत नाही, आणि दुसऱ्याकरता मागून ठेवलेली तर मुळीच नाही. मी तसं काहीच म्हटलं नाही. पल्लवी कुंपणाच्या फाटकाकडे चालू लागली होती... मी तिथेच, मधुकररावांच्या अंगणात, बियाण्याच्या थैलीवर बसून ताईसाठी पोटभर रडले.