भिंगावरचं कुंकू

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून घरचे मला गरीब समजतात. तुम्ही तसं समजू नका.

माझी नणंद वैशाली. तिचं माझं कधी जमलं नाही. वडगावात आमचे माग. ती शिकावी म्हणून मी सुताच्या कांड्या भरल्या, तिचे डबे केले — आणि ती शिकली, लई शिकली. आता पिरनवाडीच्या पलीकडं एका कॉलेजात तिची प्रयोगशाळा आहे. झाडलोटीला तिनंच मला तिथं लावलं. घरचे म्हणतात, उपकार केले. पहिल्याच दिवशी व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, हितं नातं काढायचं न्हाय हं. मी मावशी म्हणणार, तुम्ही मॅडम म्हणा."

म्हटलं मॅडम. काय करणार होते?

तिचं काम मला माहीत आहे. पाहुणे आले की ती तेच सांगायची आणि मी फरशी पुसत ऐकायची. लेसरचा उजेड दोन वाटांनी फुटतो आणि पुढं एका छोट्या स्फटिकात पुन्हा भेटतो. एका वाटेवरच्या उजेडात माहिती असते. दोन्ही भेटतात तिथं ती आत उमटते — एकाच जागी, पानावर पान, एवढ्याशा खड्यात कपाटभर. अडचण एकच होती. परत वाचताना मधलं स्पष्ट यायचं, कडेचं पुसट. म्हणून तिनं भिंगांची रचना बदलली, कित्येक महिने आकृत्या काढल्या, आणि नवं भिंग परदेशातून करवून आणलं. त्यावर एक पातळ लेप होता. त्याला बोट लावायचं नाही, फडकं तर नाहीच. धूळ बसली तर रबरी फुग्यानं नुसती फुंकर. हे तिनं मला इतक्या वेळा बजावलं होतं की विसरले असं म्हणायची सोय नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं मागाची पूजा होते. प्रयोगशाळेतला जुना शिपाई शिवाप्पा त्या दिवशी हट्टाला पेटला. "पूजा न्हाय केली तर मशीन रुसतंय की वो मॅडम!" वैशाली हसली. टेबलाच्या पायाला एक बोट कुंकू लाव, म्हणाली, वर काही नको. त्यानं तेवढंच केलं. पायाला कुंकू, एक झेंडूचं फूल. मी पाहत होते — हे लक्षात ठेवा, मी पाहत होते.

तेव्हाच पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईंनी मला सहज विचारलं, तुम्हाला समजतं का हो हे सगळं? मी तोंड उघडणार तोच वैशाली म्हणाली, "अहो, चौथी झालीय त्यांची. फडकं धरायचं कळलं तरी पुष्कळ." सगळे हसले. दारातून शिवाप्पाही हसला.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. असलं हसणं मी रोज गिळत होते. मग त्याच दिवशी का? मला माहीत नाही. खरं तर — माहीत आहे. कारण त्या दिवशी कुंकू होतं.

सगळे जेवायला गेले. पूजेचं ताट मला उचलायचं होतं. मी भिंगावरचं काळं झाकण काढलं, अंगठा कुंकवात बुडवला आणि भिंगावर टेकवला. दाबला. मग पदरानं पुसलं — आणि पुसताना मला ठाऊक होतं की पुसण्यानं जास्त वाटोळं होतं. झाकण परत बसवलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दसऱ्यानंतर यंत्र सुरू झालं. पडद्यावर नुसता चिखल. झाकण काढलं तर लेपावर ओरखडे आणि कडेला लाल. वैशालीचा चेहरा मी डोळे भरून पाहिला.

शिवाप्पा रडकुंडीला आला. "पायालाच लावलो वो मॅडम, आईशप्पथ!" मग वैशाली माझ्याकडं वळली. मावशी, तुम्ही होता ना? कुणी लावलं?

मी कधी चढ्या आवाजात बोलत नाही. तेव्हाही हळूच म्हणाले, "शिवाप्पानंच. वरपण लावलं त्यानं."

लाजऱ्या बाईवर लोक चटकन विश्वास ठेवतात. कधी खोटं बोलून पाहिलंय तुम्ही, तोंडाला पदर लावून? तो कंत्राटावर होता. त्याच आठवड्यात त्याला काढलं. दुसरं भिंग यायला वर्ष गेलं, तोवर वैशालीचा हुरूप गेला. घरी ती माझ्यासमोर रडली, मी तिला चहा करून दिला, आणि तो चहा करताना मी मनातून खूश होते. तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. खोटं कशाला लिहू?

पण शिवाप्पा मागच्या महिन्यात पिरनवाडीच्या स्टॉपवर भेटला. मला वाटलं शिव्या देईल. मी तयारीत होते, उलटून काय बोलायचं तेही ठरवलं होतं. तो जवळ आला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "आक्का, तू खोटं कशाला बोलशील? लई इचार केलो मी. माझाच हात लागला असंल बघ. वय झालं, ध्यान ऱ्हात न्हाय."

बस आली होती. तो माझ्याकडं पाहत उभा होता.

"असंल," मी म्हणाले, आणि चढले.